लालबाग-परळ म्हणे एका रात्रीत भगवं झालं. निकाल तरी बघा एकदा

"गिरणगावचा दडवलेला इतिहास" असा एक मेसेज सध्या फिरतोय. ठळक अक्षरं, मध्ये मध्ये झेंड्यांची चित्रं, शेवटी "प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोहोचवा". दोन ग्रुपवर आधी आला तेव्हा सोडून दिला. पण परवा आतेभावाने तो भावकीच्या ग्रुपवर टाकला, आणि त्या ग्रुपवर माझे बाबा आहेत, जे आधी बदली (दुसऱ्याच्या जागी तात्पुरते) आणि मग साच्यावर, म्हणजे मागावर, परमनंट, ८२च्या संपात घरी बसले आणि परत कधी आत गेले नाहीत. त्यांच्यासारख्यांबद्दल मेसेजमध्ये लिहिलंय की संपखोर पुढाऱ्यांच्या नादाने यांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला आणि मग शहाणे झाले. बाबांनी खाली अंगठा दाखवला. ते सगळ्यालाच दाखवतात, वाचलं का ते माहीत नाही. मी मात्र वाचलं आणि डोकं सटकलं.

मेसेज थोडक्यात असा: ६६ला शिवसेना निघाली, मराठी कामगाराचे डोळे उघडले आणि त्याने लाल बावटा टाकून भगवा उचलला. परळच्या पोटनिवडणुकीत त्याने कम्युनिस्टांना चपराक दिली. कम्युनिस्ट मराठीद्वेष्टे होते. त्यांच्या संपाने गिरण्या बुडाल्या. जगभर कामगार डाव्यांना असाच सोडतोय. आणि शेवटी कामगाराला न्याय दिला तो भगव्यानेच.

आधीच सांगतो, कामगाराने लाल बावटा सोडला नाही असं माझं म्हणणं नाही. सोडला. आमच्याच चाळीत सोडला. प्रश्न कधी आणि कशामुळे हा आहे, आणि तिथे हा मेसेज धादांत खोटं बोलतो.

"एका रात्रीत" वाला मुद्दा घ्या. यासाठी कुठल्या डाव्या प्राध्यापकाचं पुस्तक नको, निवडणूक आयोगाचे जुने निकाल पुरे, कोणालाही बघता येतात. १९६७, म्हणजे शिवसेना स्थापन झाल्यावर वर्षाच्या आत, मध्य दक्षिण मुंबईतून लोकसभेवर गेले कॉम्रेड डांगे. १९६८च्या महापालिकेत सेनेने ४२ जागा घेतल्या हे खरं, लालबाग-परळमध्येही घेतल्या, पण तेव्हा युती कोणाशी होती? प्रजा समाजवादी पक्षाशी! डाव्यांना गाडायला निघालेल्यांचा पहिला मित्र समाजवादीच होता, हे मेसेजवाल्याला माहीत नसावं किंवा असूनही गिळलं असावं. १९७२च्या विधानसभेत सेनेचा आमदार निवडून आला एकच, तोही गिरगावातून. १९७४ला त्याच मध्य दक्षिण मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक लागली, सेनेने पाठिंबा दिला काँग्रेसच्या रामराव आदिकांना, आणि जिंकल्या कोण, तर डांग्यांची मुलगी रोझा देशपांडे, कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर. ७७ला शेजारच्या उत्तर मध्य मुंबईतून मार्क्सवादी अहिल्याताई रांगणेकर. ८४ला इंदिराबाई गेल्यावरच्या लाटेत भल्याभल्यांची वाताहत झाली, तरी दक्षिण मध्य मुंबईतून ८२च्या संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत अपक्ष म्हणून निवडून आले. सेनेचे वामनराव महाडिक तेव्हा कमळ चिन्हावर त्यांच्यासमोर होते, पडले. तेच महाडिक तिथून खासदार झाले १९८९ला. तिथून पुढे मोहन रावले वगैरे.

म्हणजे ६६ ते ८९. तेवीस वर्षांची रात्र.

आता परळची पोटनिवडणूक. या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त भडकलोय, कारण हा नुसता चुकीचा नाही, घाणेरडा आहे. "१९७० साली परळच्या कामगारांनी कम्युनिस्टांना चपराक दिली" असं एक वाक्य टाकलंय आणि पुढे गेलेत. अहो पण पोटनिवडणूक लागली कशामुळे? आमदार जिवंत असता तर लागली असती का? परळचे आमदार कॉम्रेड कृष्णा देसाई यांचा ५ जून १९७०च्या रात्री लालबागेत खून झाला. आरोप शिवसैनिकांवर होता, खटला चालला, शिक्षाही झाल्या. त्याआधी डिसेंबर ६७मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या गिरणी कामगार युनियनच्या ऑफिसवर हल्ला झाला होता, कागदपत्रांची, सामानाची नासधूस झाली. यातलं एक अक्षर मेसेजमध्ये नाही. कृष्णा देसाई काही परदेशी तत्त्वज्ञान झाडणारा माणूस नव्हता, लालबाग-परळच्या गल्लीबोळातल्या पोरांना धरून असलेला, नगरसेवक म्हणून वर्षानुवर्षं निवडून येणारा, म्हणजे शाखाप्रमुखाचं काम शाखा निघायच्या आधीपासून करणारा माणूस होता. वाटेत अडथळा होता तो म्हणूनच.

बरं, चपराक केवढी? त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई उभ्या राहिल्या, समोर वामनराव महाडिक. महाडिक जिंकले ते १,६७९ मतांनी. दोन्हीकडे तीस-तीस हजारांच्या आसपास मतं. आमदार मारला गेलाय, दहशत आहे, ठाकरे स्वतः गल्लीबोळात सभा घेतायत, तरी जवळजवळ निम्म्या परळने त्या बाईला मत दिलं. याला चपराक म्हणणाऱ्याने गणिताचं पुस्तक उघडावं. आणि पहिला आमदार झाला तो दिवस सेनेसाठी मोठा होता हे मी नाकारत नाही, पण दोनच वर्षांनी, वर सांगितलं तसं, विधानसभेत गिरणगावातून एकही नाही.

मग हे सगळं फक्त दंडुक्याने झालं का? नाही. आणि इथे मला नाइलाजाने मेसेजवाल्याला अर्धा मार्क द्यावा लागतोय. कम्युनिस्ट मराठीद्वेष्टे होते हे तर हास्यास्पद आहे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डांगे कुठे होते, अमर शेख कोण होते, अण्णाभाऊ कोण होते, हे सांगत बसायचं का आता? ५७ला डांगे याच भागातून संयुक्त महाराष्ट्र समितीचा माणूस म्हणून निवडून आले. पण १ मे १९६०ला राज्य मिळालं आणि पुढे काय, याचं उत्तर लाल बावट्याकडे नव्हतं. साचेवाल्याचा पोरगा मॅट्रिक झाला, टायपिंगच्या क्लासला गेला, त्याला गिरणीत जायचंच नव्हतं. त्याला बँकेत, एलआयसीत, एअर इंडियात चिकटायचं होतं. युनियन बापाच्या पगाराची, महागाई भत्त्याची, बोनसची भाषा बोलायची. पोराच्या नोकरीबद्दल विचारलं की भांडवलशाहीवर भाषण. सेना त्या पोराशी बोलली. आधी 'मार्मिक'मध्ये अमराठी साहेबलोकांच्या नावांच्या याद्या छापून, मग सेनेच्या स्थानीय लोकाधिकार समितीची माणसं थेट मॅनेजरच्या टेबलासमोर जाऊन बसायला लागली. त्यातून नोकऱ्या लागल्या, खरोखर लागल्या, माझ्या एका काकालाही लागली. त्यात दाक्षिणात्य कारकुनांना आणि उडप्यांना मारहाण झाली तेही त्याच हिशोबात धरा, साच्यावरच्या माणसाशी त्या बिचाऱ्यांची कसलीच स्पर्धा नव्हती. शिवाय शाखेत गेलं की नळाचं, संडासाचं, हॉस्पिटलच्या बेडचं काम व्हायचं, ॲम्ब्युलन्स मिळायची. कॉम्रेड लोक गेट मीटिंगमध्ये आणि आपसातल्या भांडणात. ६४ला पक्ष फुटला, मग आणीबाणीला भाकपने पाठिंबा दिला (सेनेनेही दिला होता, ते मात्र मेसेजमध्ये कसं येईल).

पण यातून जे घडलं ते मेसेजमधल्यासारखं नाही. बाप गिरणीत लाल बावट्याची पावती फाडायचा आणि संध्याकाळी नाक्यावर त्याचाच पोरगा शाखेत. कित्येकदा बाप स्वतःच दोन्हीकडे. पगारासाठी युनियन, गल्लीसाठी शाखा, यात त्याला काही विसंगत वाटत नव्हतं, आणि का वाटावं? त्याने "विचारधारा बदलली" वगैरे आपण आता म्हणतोय.

आणि "मराठी कामगार" म्हणून सगळ्यांना एका पोत्यात घालू नका. दलित कामगारांना साचाखात्यात घेतच नसत, कारण धोट्यातला (मागावर आडवा धागा नेतो तो) धागा तोंडाने ओढायला लागायचा, आणि तो दलिताच्या तोंडाला लागलेला इतरांना चालत नसे. डॉ. आंबेडकरांनी १९२८च्या संपाच्या वेळीच हा प्रश्न काढला होता आणि कम्युनिस्टांनी तो हवा तसा उचलला नाही. हा खरा ठपका आहे लाल बावट्यावर. मेसेजवाल्याला तो सुचला नाही, कारण ७४ला वरळीच्या बीडीडी चाळीत शिवसैनिक आणि दलित पँथर यांच्यात काय झालं तेही मग सांगावं लागलं असतं.

आता संप. "कम्युनिस्टांच्या संपाने गिरण्या बुडाल्या." पहिली गोष्ट, डॉक्टर सामंत कम्युनिस्ट नव्हते हो! काँग्रेसचे आमदार होते एकेकाळी. कामगार त्यांच्याकडे गेले कारण जुन्या लाल युनियनवर त्यांचा भरवसा उरला नव्हता, आणि मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघावर तर कधीच नव्हता. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६चा, म्हणतो की मालकाशी बोलणार ती एकच मान्यताप्राप्त संघटना, मग कामगारांना ती नको असली तरी. हा कायदा रद्द करा ही संपाची एक मुख्य मागणी होती, सोबत पगारवाढ आणि बदलीवाल्यांना कायम करणं. आणि डॉक्टरांच्या आधी, ८१च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष पेटला तेव्हा पहिल्यांदा संपाची हाक कोणी दिली होती? सेनेच्या गिरणी कामगार सेनेने. एक दिवस बंद झाला, पुढे बेमुदत करू म्हणाले आणि सरकारशी बोलून गप्प बसले. त्यानंतर लोक घाटकोपरला डॉक्टरांच्या दारात गेले. १८ जानेवारी १९८२ला अडीच लाख माणूस बाहेर पडला. तो संप अधिकृतपणे कोणी मागे घेतलाच नाही कधी.

दुसरी गोष्ट, बुडाल्या म्हणजे? १९७४लाच केंद्राने देशभरातल्या १०३ आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण केलं होतं, म्हणजे संपाच्या आठ वर्षं आधी धंदा आजारी होता. मालकांनी वर्षानुवर्षं जुन्याच यंत्रावर काम ओढलं, माल भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीच्या पॉवरलूमवर काढायला लागले, नफा दुसरीकडे लावला. आणि ज्याला अजूनही शंका आहे त्याने अहमदाबादकडे बघावं. तिथे गांधीजींची मजूर महाजन ही युनियन, लाल बावट्याचा जोर नाही, असा संपही नाही, तरी ८०-९०च्या दशकात एकेक करून गिरण्या बंदच पडल्या. तिथे कोणाच्या नादाने पडल्या? संपात चुका झाल्या. कधी थांबायचं ते डॉक्टरांना कळलं नाही असं बाबाही म्हणतात. पण मुंबईत गिरणीपेक्षा गिरणीखालच्या जमिनीला जास्त भाव आला, आणि हे मालकांना कामगारांच्या खूप आधी कळलं होतं.

आणि भगव्याकडे सरळ ओघ लागला तो या सगळ्यानंतर. कामगार म्हणून मत देण्यासारखं काही उरलंच नाही तेव्हा. भोंगा बंद, युनियन बंद, निम्मे लोक कोकणात, साताऱ्याकडे परत गेले, राहिलेले कोणी वॉचमन, कोणी भाजीची गाडी लावली. नाक्यावर उघडी होती ती शाखा. ८५ला सेना महापालिकेत आली, ८९ला महाडिक खासदार. कामगार डाव्यांना सोडून गेला म्हणण्यापेक्षा कामगार हा प्रकारच गिरणगावातून उठला, असं मी म्हणेन.

जगभरच्या मुद्द्यावर फार बोलत नाही. ब्रिटनचं उदाहरण दिलंय तर पूर्ण द्या. बोल्सोव्हर हा खाणकामगारांचा मतदारसंघ, डेनिस स्किनर १९७० पासून तिथले मजूर पक्षाचे खासदार, २०१९ला पडले हे बरोबर, आणि २०२४ला ती जागा मजूर पक्षाने परत घेतली तेही लिहा. "महाराष्ट्रातून लाल संपला" म्हणणाऱ्यांनी डहाणू विधानसभेचे निकाल बघावेत, २०१९ आणि २०२४, दोन्ही वेळा मार्क्सवादी पक्ष.

राहिला न्याय. ९१च्या विकास नियमावलीतला ५८वा नियम म्हणत होता, गिरणीची जमीन विकायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळी जागा म्हणून, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ला काँग्रेस आघाडीच्या सरकारने तो फक्त रिकाम्या जमिनीपुरता करून टाकला आणि कामगारांच्या वाट्याचं बरंच गेलं. हे पाप भगव्याचं नाही, मान्य. पण ९५ ते ९९ युतीचं सरकार होतं, तेव्हा गिरण्या सुरू झाल्या का? घरं मिळाली का? २००५ला दादरची कोहिनूर मिल नंबर ३ची जमीन ४२१ कोटींना विकली गेली, घेणाऱ्यांत मनोहर जोशींचे चिरंजीव आणि राज ठाकरे होते. मराठी कामगाराच्या नावाने आयुष्यभर राजकारण करून शेवटी गिरणीच्या जागेवर टॉवर. कायदेशीर होतं सगळं. फक्त त्याला न्याय म्हणू नका.

गिरणी कामगारांचे घरांसाठी अर्ज दीड लाखाच्या वर गेले. म्हाडाची पहिली लॉटरी निघाली २०१२ला, संप सुरू झाल्यावर तीस वर्षांनी, घरं ६,९२५. त्यानंतर अजून काही हजार. आता उरलेल्यांना मुंबईबाहेरचं शेलू आणि वांगणी दाखवतायत, आणि म्हातारी माणसं आझाद मैदानात येऊन सांगतायत की मुंबईतच द्या.