वारसाच्या नावापुढचा शेरा

रविवारची उपासना संपली की चर्चच्या आवारात आपली मंडळी पाळकसाहेबांना काय काय विचारतात, ते एकदा बाजूला उभं राहून ऐका. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पोरांना पाळण्यात बसवलं तर चालेल का? शेजारच्या घरचा प्रसाद घ्यावा का? फ्लॅट जुळे सोलापुरात बघू की होटगी रोडला? मुलीला पुण्याला नोकरीला पाठवू का? विचारणारे पन्नाशीचे, घरात नातवंडं, काही जण तर निवृत्त मुख्याध्यापक. आणि पाळकसाहेबही उत्तर देतात! मला खटकतं ते हेच.

प्रेषित पौलाने गलतीकरांना, म्हणजे गलतियातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना, लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय आपण दरवर्षी नाताळच्या सुमारास वाचतो, 'काळाची पूर्णता झाली' एवढ्या वाक्यापुरता. त्याच्या आधीच्या ओळी घाईत निघून जातात. पौल म्हणतो, वारस लहान आहे तोवर तो सगळ्याचा धनी असूनही दासापेक्षा वेगळा नसतो. बापाने ठरवलेल्या मुदतीपर्यंत तो पालक आणि कारभारी यांच्या ताब्यात असतो. ऐकणाऱ्यांना हे नवं नव्हतं. रोमन कायद्यात बाप वारलेल्या मुलाला चौदाव्या वर्षापर्यंत पालक असे, आणि पुढे पंचविशीपर्यंत व्यवहारावर देखरेख करणारा दुसरा माणूस नेमता येई. त्याआधीच्या अध्यायात पौल नियमशास्त्राला, म्हणजे मोशेच्या नियमांना, बालरक्षक म्हणतो. बालरक्षक म्हणजे पोराला शाळेत पोचवणारा, वाटेत त्याच्या वागण्यावर नजर ठेवणारा घरचा गुलाम. नियमशास्त्र वाईट असं पौल कुठेच म्हणत नाही. त्याचं म्हणणं एवढंच की त्याची मुदत होती आणि ती संपली.

माझं काम वकिलाच्या ऑफिसात, त्यामुळे डोक्यात सातबारे फिरत असतात. बाप वारला, पोरगं लहान असेल तर सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे शेरा लागतो: अ.पा.क. आई. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. पोरगं अठराचं झालं की कायद्याने ते सज्ञान, कुणाच्या परवानगीची गरज नाही. पण कागदावरचा शेरा आपोआप जात नाही. वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो, मग फेरफार होतो. मागे मोहोळ तालुक्यातले एक गृहस्थ आले होते. कानाजवळचे केस पांढरे, स्वतःच्या मुलीचं लग्न ठरलेलं, आणि सातबाऱ्यावर अजून अ.पा.क. आई. आई जाऊनही बरीच वर्षं झालेली. कर्जाच्या कागदांत ते निघालं. कागद हातात घेऊन हसत म्हणाले, "म्हणजे मी आजून बारकाच की ओ!"

गलतीकरांचं नेमकं हेच झालं होतं, फक्त त्यांना हसू येत नव्हतं. सज्ञान झालेली माणसं आपण होऊन शेरा परत लावून घेत होती. सुंता करा, हे दिवस पाळा, ते महिने पाळा, ते सण पाळा, असं सांगणारे आले आणि यांना हायसं वाटलं. नियम हातात असला की देवाशी थेट बोलायची जोखीम नसते ना! लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राची गोष्ट आहे, त्यातला थोरला भाऊ आठवा. आपण सगळे पैसे उधळून परतलेल्या धाकट्यावर प्रवचनं करतो, पण मला थोरल्याची जास्त काळजी वाटते. तो घरातच राहिला, शेतात राबला, आणि बापाला सुनावतो काय, तर इतकी वर्षं तुमची चाकरी केली, मला साधं करडूही दिलं नाही. बाप म्हणतो, अरे, माझं सगळं तुझंच आहे. वारस असून गड्यासारखा राहिला बिचारा.

आपल्या मराठी मंडळीत हा प्रश्न काही आजचा नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे मिशनमध्ये काम केलं आणि 1917 मध्ये ती चाकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे त्यात यावेत ही त्यांची कल्पना. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणाऱ्या माणसाला मिशनचं पालकत्व किती दिवस पुरणार? मिशनने शाळा दिल्या, दवाखाने दिले, ते ऋण मी मानतो. पण मिशनचे गोरे साहेब गेले आणि त्यांच्या खुर्चीत आपलेच लोक पालक होऊन बसले, हेही बोलायला हवं. नावं घेत नाही, ज्याचं त्याला कळतं.

आणि वारसाचा विषय निघालाच आहे तर घरातलंही बोलू. रोमन कायद्यात बाईला वय वाढलं तरी पालक लागायचाच. जन्माने स्वतंत्र, म्हणजे गुलामीत न जन्मलेल्या बाईला तीन मुलं झाली तर सूट, ही सम्राट ऑगस्टसची सवलत. अशा काळात पौल लिहितो की ख्रिस्तात पुरुष नाही, स्त्री नाही, आणि लगेच पुढच्या वाक्यात, तुम्ही वारस आहात. आपल्याला लागू असलेल्या 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातही मृत्युपत्र नसेल आणि मुलंबाळं असतील, तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगा-मुलगी समान. केरळात त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींना तो हक्क मिळायला मेरी रॉय यांना सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, निकाल 1986 चा. इथे आपल्याला कोर्टात जावं लागत नाही, कारण बहिणी गुपचूप हक्कसोडपत्रावर सह्या करतात. भाऊ चर्चच्या कमिटीत असतो. सही झाल्यावर सगळे मिळून जेवायला जातात. या विषयावर प्रवचन ऐकल्याचं मला तरी आठवत नाही. वारसा म्हणजे स्वर्गातला, तिथे हिस्से पडत नाहीत, म्हणून तो सोयीचा.

आता काही तरुण मंडळी खूश होतील की बघा, काका आमच्या बाजूने बोलले, उपासनेला यायची सक्ती नाही. थांबा जरा. पाचव्या अध्यायात पौल स्वातंत्र्याचा डंका वाजवतो आणि तिथेच म्हणतो, या स्वातंत्र्याचा उपयोग देहवासनेसाठी करू नका, प्रीतीने एकमेकांचे दास व्हा. सज्ञान झालेल्याच्या हाती जमीन येते तसा शेतसाराही येतो, बांधावरची भांडणंही येतात. आजवर आई निस्तरायची. आजारी शेजाऱ्याला सिव्हिलला कोण नेणार, म्हाताऱ्या आत्याचं कोण बघणार, हे पाळकाने सांगेपर्यंत वाट बघणारा अजून अ.पा.क.च आहे, भले तो कोणाचा नियम पाळत नसेल.

"मग पाळक कशाला हवा?" असं परवा एका मित्राने रागाने विचारलं. हवाच की. नव्याने विश्वासात आलेल्याला दूध लागतं, एकदम कडक भाकरी कशी चावेल? पण त्याच चौथ्या अध्यायात पौल स्वतःविषयी काय म्हणतो बघा: माझ्या मुलांनो, तुमच्यात ख्रिस्ताचं रूप घडेपर्यंत मला पुन्हा प्रसूतिवेदना होत आहेत. इथे तो आईच्या जागी उभा आहे. आमच्या मित्राला हे वाचून दाखवलं तर म्हणाला, असा पाळक मिळाला तर मी पुढच्या बाकावर बसेन. मी म्हटलं, मिळाला तरी फ्लॅट कुठे घ्यायचा ते त्याला विचारू नकोस.