स्टेपनी काढून घेतली ती कुणाच्या सोयीसाठी?

माझ्या गाडीला रनफ्लॅट टायर आहेत, म्हणजे हवा गेली तरी कडक साइडवॉलच्या (टायरच्या बाजूच्या भिंतीच्या) जोरावर काही अंतर चालणारे. तिचा बूट, म्हणजे डिकी, उघडा, कार्पेट उचला आणि बघा खाली काय आहे ते. थर्मोकोल, एक टो हुक आणि बॅटरी. स्टेपनी नाही, जॅक नाही, साधा पानाही नाही. काल रात्री मागच्या टायरात खिळा गेला आणि स्क्रीनवर हुकूम आला: वेग 80 च्या आत ठेवा, टायर तपासून घ्या. मॅन्युअल म्हणतं, हवा पूर्ण गेली तरी सुमारे 80 किलोमीटर जाता येईल. जाता येईल, पण कुठे? रात्री साडेअकराला टायरचं कुठलं दुकान उघडं असतं?

सकाळी दुकानात ऐकायला काय मिळालं, तर 'रनफ्लॅट आहे, पंक्चर काढत नाही. हा साइज स्टॉकमध्ये नाही, चार दिवस लागतील. आणि दोन घ्या, एक नको.' टायर उतरवून आतून बघायचेही कष्ट घेतले नाहीत! रनफ्लॅटला पंक्चर चालतच नाही, हे साफ खोटं आहे. बऱ्याच टायर कंपन्या एकदा दुरुस्तीला परवानगी देतात. छिद्र ट्रेडच्या (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागाच्या) मधल्या पट्ट्यात हवं, 6 मिमीच्या आत हवं, आणि टायर हवेविना पळवलेला नको. दुरुस्ती आतून करायची, प्लग आणि पॅच एकत्र. बाहेरून दोरी कोंबली म्हणजे झालं, असं नाही. टायर हवेविना चालला असेल तर साइडवॉलच्या आतलं रबर तापून सोलवटतं, काळा भुगा पडतो, गोल चट्टा उमटतो. बाहेरून यातलं काही दिसत नाही. म्हणून टायर रिमवरून उतरवणं भागच आहे. तेच करायचं नसतं, म्हणून 'नवीन घ्या'.

हवा किती गेली हे डोळ्यांनी कळावं, तर तेही नाही. या टायरची साइडवॉल इतकी कडक की हवा गेली तरी टायर बसलेला दिसत नाही. सगळी भिस्त सेन्सरवर. त्यातही अनेक गाड्यांत हवेचा दाब मोजणारा खरा सेन्सर नसतोच. एबीएस या ब्रेकच्या यंत्रणेचे सेन्सर चाकांचे फेरे मोजतात आणि हवा कमी झालेलं चाक जरा जास्त फिरतं, त्यावरून अंदाज बांधला जातो. चारही चाकांची हवा हळूहळू सारखीच उतरली तर ही यंत्रणा गप्प बसू शकते. हवा भरल्यावर रीसेट केलं नाही तर जुनाच हिशेब चालू राहतो, आणि चुकीची हवा भरून रीसेट केलं तर चुकीचाच दाब बरोबर ठरतो. थंड टायरवर, दाराच्या चौकटीवरचा आकडा बघून भरायचं, मगच रीसेट. हे गाडी हातात देताना कोणी सांगतं का?

आणि हे एकट्या टायरपुरतं असतं तर गिळलंही असतं. ऑइलची डिपस्टिक काढली. आता लेव्हल बघायची तर इंजिन गरम करा, सपाट जागा शोधा, मेनूत शिरा आणि थांबा. पुसून बघायची दहा सेकंदांची पट्टी यांना जड झाली! गिअरबॉक्सवर 'लाइफटाइम ऑइल' लिहून मोकळे झाले. कुणाचं लाइफटाइम? अशा कितीतरी गाड्यांत झेडएफ या कंपनीचा आठ गिअरचा बॉक्स असतो, आणि तो बनवणारी झेडएफ स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा 8 वर्षांनी ऑइल बदला म्हणते. बॅटरी बदलली तर स्कॅनर लावून रजिस्टर करा. नाही केली तर गाडी नव्या बॅटरीला जुनीच समजून चार्ज करत राहते आणि ती अकाली मरू शकते. मालकाने स्वतः बघावं, स्वतः करावं असं एकेक काढून घ्यायचं आणि त्याला प्रगती म्हणायचं. संताप होतो तो याचा.

असो, टायरवर येतो. साधे टायर टाका हे खरं औषध. दणके कमी होतात, खड्ड्यात साइडवॉलला जरा दम मिळतो, पंक्चर कुठेही निघतं. पण मग स्टेपनी हवीच. नुसत्या पंक्चर बुजवायच्या सीलंटच्या डब्यावर विसंबू नका. साइडवॉल फाटली तर त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि त्यालाही एक्स्पायरी असते. तारीख आजच बघा. स्टेपनी घेताना पुढे 225/45 आर18 आणि मागे 255/40 आर18 अशी जोडी असली तरी घाबरू नका. रुंदी वेगळी, पण बाहेरचा व्यास 660 आणि 661 मिमी, म्हणजे जवळपास सारखाच. त्या व्यासाच्या जवळची एक बारीक स्पेससेव्हर (कमी जागा घेणारी अरुंद स्टेपनी) दोन्हीकडे बसू शकते. मात्र पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) आणि सेंटर बोअर (चाकाचं मधलं भोक) जुळायला हवं, आणि पुढच्या ब्रेक कॅलिपरला रिम घासता कामा नये. विकत घेण्याआधी पुढे चढवून, हाताने पूर्ण फिरवून बघा. खाली खळगा नसल्याने ती बूटमध्ये मोकळी पडते. पट्ट्याने आवळा, नाहीतर जोरात ब्रेक दाबल्यावर सीटच्या पाठीवर आदळेल.

जॅक पत्र्याखाली कुठेही लावू नका, सिल (दाराखालची कड) दबते. चाकाजवळ खाली चौकोनी पॅड आहेत, तिथेच. आणि इथे नट नाहीत, बोल्ट आहेत. म्हणजे चाक हबवर (ते ज्यावर बसतं त्या भागावर) टांगून राहत नाही. एका हाताने तोलायचं आणि दुसऱ्याने भोकं जुळवायची. अंधारात, रस्त्याच्या कडेला, ट्रक अंगाजवळून जात असताना! अलाइनमेंट पिन मिळते. ती वरच्या भोकात घाला, चाक तिच्यावर चढवा, बाकीचे बोल्ट हाताने बसवा, मग पिन काढून शेवटचा. स्टेपनीचे बोल्ट वेगळ्या लांबीचे लागतात का, हेही घरीच तपासा. अलॉय चाक हबला गंजून चिकटला असेल तर चार लाथा घातल्याशिवाय निघत नाही, म्हणून वर्षातून एकदा हबचा तोंडाचा भाग ब्रशने घासून घ्या.

शेवटचा बोल्ट लॉकवाला, खास चावीशिवाय न निघणारा. त्याची चावी सर्व्हिसनंतर टूल पाऊचमध्ये परत आली आहे का, ते सर्व्हिस सेंटरच्या गेटमधून बाहेर पडण्याआधी बघा. त्या चावीवर इम्पॅक्ट गन (दणके देत बोल्ट फिरवणारं यंत्र) चालवू देऊ नका, तिचे खाचे उथळ असतात, एका दणक्यात उडतात. मग स्टेपनी असो, जॅक असो, पिन असो, चाक काही निघत नाही.