पर्यटन ठीक हाय, पण सोयाबीनचं काय?

आमच्या आमदार साहेबाइनं नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या सुरवातीलेच सांगतलं का रस्ते, सिंचन अन पर्यटन हे त्याइचे मुद्दे. बरं हाय. पण 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलले 5328 रुपये अन खरेदी केंद्रावर ओलावा 12 टक्क्याच्या वर दिसला का माल वापस, माया दोन डाव वापस आला, गाडीभाडं घरचं, मंग व्यापाऱ्याले देल्ला पडल त्या भावात. थ्रीफेज लाइन रातच्यानं, ओलिताले गेलं तं डुकराचं भेव. विदर्भ महाराष्ट्रात घ्यासाठी झालेल्या 1953 च्या नागपूर करारात दरसाली एक अधिवेशन इकडं ठरलं ते कायले, हुरडा खायाले का? साहेब, ओलाव्यावर एक तारांकित प्रश्न, म्हंजे मंत्र्याले सभागृहात तोंडी उत्तर द्या लागते तसा, टाकता का? पर्यटनाचं मार्चातल्या बजेट अधिवेशनात पाहू.