बोअर मारून घर भूकंपापासून लपत नाही

"फ्रान्समध्ये सिद्ध झालंय! घराभोवती पाच मीटर खोल बोअरच्या रांगा मारा, भूकंपाच्या लाटा वळसा घालून जातात. झाडं लावली तरी चालतं." हा मेसेज लातूरच्या मामांपर्यंत पोचला आणि ते बोअरवाल्याकडे दर विचारायला लागलेत, म्हणून लिहावं लागतंय.

प्रयोग खरा आहे, तेवढं मान्य. ऑगस्ट 2012 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलजवळ ब्रुले, गेनो या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी तो केला. 2014 मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या संशोधन-पत्रिकेत छापला. भोकं 5 मीटर खोल, 32 सेंटिमीटर व्यासाची, 1.73 मीटर अंतरावर. पण हादरे यंत्राचे होते, 50 हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला 50 कंपनं. त्या मऊ मातीत लाटेचा वेग सेकंदाला 78 मीटर, म्हणजे लांबी 1.56 मीटर. भोकांमधलं अंतर जवळपास तेवढंच, म्हणून लाट अडली.

घरं पाडणारी कंपनं मुख्यतः 1 ते 10 हर्ट्झची असतात. 5 हर्ट्झ धरा. तीच माती असली तरी लाट 15.6 मीटर लांब होते आणि सगळं मापच दसपट करावं लागतं: 17 मीटर अंतरावर 3.2 मीटर रुंद, 50 मीटर खोल भोकं. या विहिरी झाल्या, आणि त्याही रांगांनी! खाली मुरूम किंवा खडक लागला की वेग वाढतो, लाट आणखी लांबते. पाच मीटरच्या बोअरला ती जुमानत नाही.

वळसाही खोटा. त्या प्रयोगात लाट वळली नाही, मागे परतली. यंत्राच्या बाजूची कंपनं उलट वाढली. शिवाय बोअरची रांग अडवणार ती जमिनीच्या पृष्ठभागावरून येणारी लाट. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत भूकंपाचं केंद्र उथळ होतं आणि गावं जवळच होती. तिथे धक्का खालून येतो.

सगळ्यात घातक म्हणजे काळ्या मातीत पायाला लागून उघडे बोअर घेणं. कडा ढासळतात, पावसाचं पाणी थेट पायाखाली मुरतं, माती फुगते-आकसते आणि भिंतींना तडे जातात. भूकंप न येताच घर कमकुवत होतं.

झाडांचा परिणाम मोजला गेलाय, पण दाट जंगलात आणि 30 हर्ट्झच्या वर. अंगणातल्या चार झाडांचा इथे संबंध नाही.

किल्लारीत माणसं मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती फुटून आणि माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ओझं अंगावर येऊन. मामांनी पैसा तिथे घालावा. आधी माळवदावरची जादा माती उतरवायची. मग भिंतीत साधारण मीटरभर अंतरावर, वरखाली आलटून-पालटून, हलक्या हाताने दगड सैल करून 75 मिलिमीटरचं आरपार भोक पाडायचं, दोन्ही टोकं वाकवलेली 8 मिलिमीटरची सळई घालून काँक्रीट भरायचं. त्याने भिंतीचे आतले-बाहेरचे थर बांधले जातात. घण घालू नये, थर तिथेच सुटतात. आणि एका भिंतीत सगळी भोकं एकदम पाडू नयेत.