कुणाचं वॉर्मअप, कुणाचं पहिलं साठ

आज डोकं फिरलंय माझं, त्यामुळे पोस्ट लांब होणार, आधीच सांगते.

सकाळी एका मैत्रिणीने तिच्या पहिल्या ६० किलो स्क्वॉटचा, म्हणजे बार पाठीवर घेऊन खाली बसून उठण्याचा, व्हिडिओ टाकला होता. मी निघायच्या गडबडीत बघितला, नुसतं लाइक केलं, म्हटलं दुपारी निवांत दोन ओळी लिहीन. दुपारी बघते तर व्हिडिओ गायब. फोन लावला तर म्हणाली, "काढून टाकला गं. उगाच टाकला होता." का, तर खाली दोन कमेंट आल्या. एकाने लिहिलं, "हे तर आमचं वॉर्मअप," आणि पुढे हसणारे इमोजी. वॉर्मअप म्हणजे खऱ्या वजनाआधी अंग गरम करायला उचलतात ते हलकं वजन. दुसऱ्याने फक्त "डेप्थ??" एवढंच, म्हणजे पुरेशी खाली गेलीस का. अरे कोण तुम्ही? तिने विचारलं होतं का तुम्हाला की बघा बरं, मला मार्क द्या म्हणून?

ही बाई जिममध्ये पहिल्यांदा आली तेव्हा तिला जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागायचा. कोचने तिला कितीतरी दिवस बारला हातसुद्धा लावू दिला नाही. बेंचवर बसायचं, हात न टेकता उठायचं, परत बसायचं, परत उठायचं, झालं. मग एक डंबेल छातीशी धरून गॉब्लेट स्क्वॉट. मग रिकामा बार, जो वीस किलोचा असतो पण पहिल्यांदा पाठीवर येतो तेव्हा वीसचा अजिबात वाटत नाही. मग पाचच्या प्लेट्स, दहाच्या, पंधराच्या. आणि आज दोन्ही बाजूंना एकेक वीसची. जे जिममध्ये जातात त्यांना माहितीये ती मोठी प्लेट स्वतःच्या बारवर पहिल्यांदा चढवताना काय होतं. तोपर्यंत त्या प्लेट्स दुसऱ्यांच्या असतात. तुम्ही फक्त त्यांच्या बाजूने वळसा घालून जात असता.

व्हिडिओ मी सकाळी तीनदा बघितला. रॅकमधून बार काढला, दोन पावलं मागे आली, डावा पाय जरा सरकवला, परत सरकवला. एक क्षण वाटलं की ही परत ठेवणार. मग गाल फुगवून श्वास भरला आणि खाली. वर येताना अर्ध्यात अडकली, गुडघे आत यायला लागले, मागून कुणीतरी "पुश पुश पुश" ओरडत होतं आणि ही थरथरत, इंच इंच करत वर. बार रॅकवर आपटला आणि तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. हा व्हिडिओ डिलीट करायचा?

माझी शंभरची डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून बार उचलून सरळ उभं राहणं, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलीये. परत ऐका.

साडेसत्त्याण्णववर मी कधीची अडकले होते. साडेसत्त्याण्णव लावायचे म्हणजे दोन्हीकडे वीसची एक, पंधराची एक, मग अडीचची, मग सव्वाची ती चिमुकली. एवढी जुळवाजुळव. आणि शंभर म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन वीसच्या, बस. दिसायलाच वेगळा दिसतो तो बार. त्या दिवशी पहिल्या प्रयत्नात तो जमिनीवरून सुटलाच नाही. दंड ताणले, बार प्लेट्सच्या भोकात टक् करून वर बसला, आणि त्यापुढे काही म्हणजे काहीच नाही. पाच मिनिटं बसले, हाताला परत चॉक लावला, अंगठा बोटांखाली दाबून हूक ग्रिप घेतली जी नख निघाल्यासारखी दुखते, आणि परत. या वेळी सुटला. गुडघ्याखाली आला आणि थांबला. तिथे तो किती वेळ थांबला मला खरंच सांगता येणार नाही. नडगी सोलवटली होती ते नंतर कळलं. मग हळूहळू मांड्यांवरून वर, गुडघे सरळ, खांदे मागे, लॉकआउट.

दुपारची वेळ, जिम रिकामी, कोच बाहेर फोनवर. बघायला होत्या फक्त फरशी पुसणाऱ्या मावशी. त्या म्हणाल्या, "किती हाय वो हे?" म्हटलं, शंभर. त्यांनी मॉप भिंतीला लावला, आल्या, दोन्ही हातांनी बार धरला आणि ओढला. हलला नाही. परत ओढला. मग माझ्याकडे बघून एवढ्या मोठ्याने हसल्या, म्हणाल्या, "हलत बी न्हाई की वो ताई!" आणि तिथूनच रिसेप्शनवरच्या मुलीला हाक, "अगं ये, इकडं ये, ताईंनी शंभर किलो उचाललं!" मी जमिनीवर बसून रडले. सांगायला काही लाज नाही.

मला सारखं तेच आठवतंय आज. ज्या बाईचा वजनांशी काही संबंध नाही तिने एकदा बार ओढून बघितला आणि तिला सगळं समजलं. आणि हा वॉर्मअपवाला, जो स्वतः रोज रॅकखाली उभा राहतो, त्याला तर जास्त कळायला हवं होतं ना? याचंसुद्धा कधीतरी पहिलं साठ झालं असेल. याचेसुद्धा गुडघे आत आले असतील. कुठे गेलं ते सगळं?

आणि वॉर्मअपचाच हिशोब करायचा तर चला, करू. ताकदीच्या स्पर्धा खेळणाऱ्या एडी हॉलने २०१६ मध्ये ५०० किलो डेडलिफ्ट केली. पाचशे. चार वर्षांनी अशाच दुसऱ्या गड्याने, ब्यॉर्नसनने, ५०१ ओढले. त्यांच्यापुढे, वॉर्मअपवाल्या, तुझं १४० असलं तरी काय रे बाबा? त्यांच्यासाठी तर ते वॉर्मअपच. मग तूही तुझे व्हिडिओ काढून टाकणार का? लॅमर गँट नावाचा पॉवरलिफ्टर होता, त्याचा पाठीचा कणा वाकडा, स्कोलिओसिस, आणि त्याने १९८५ साली स्वतःच्या वजनाच्या पाचपट डेडलिफ्ट केली. पाचपट! त्याच्या मापाने मोजायला बसलं तर आपल्यातला एकही जण तोंड उघडू शकणार नाही. माप आपण कुठून सुरुवात केली यावर ठरतं हे बेसिक आहे, हे मला इथे लिहावं लागतंय याचाच राग येतोय.

बरं, डेप्थ. हो, थोडी वर होती, मान्य. स्पर्धेत मांडीचा वरचा भाग नितंबाच्या सांध्यापाशी गुडघ्याच्या खाली जावा लागतो आणि तिचा जेमतेम लेव्हलला होता. पण ती स्पर्धेत उतरली नव्हती, समोर तीन रेफरी पांढरे-लाल दिवे घेऊन बसले नव्हते. तुला खरंच तिची काळजी असेल तर मेसेज कर, सांग की पुढच्या वेळी पाच किलो कमी करून अजून दोन इंच खाली जा, ती आनंदाने ऐकेल. चारचौघांत दोन प्रश्नचिन्हं टाकून निघून जाणं ही काळजी होत नाही. आणि इगो लिफ्टिंग असतं, लोक नको तेवढं वजन लावून पाठी मोडून घेतात, तेही खरं आहे. तिचं ते नव्हतं. विषय संपला.

आता खरं सांगू का मला कशाने जास्त लागलं? ती "उगाच टाकला" म्हणाली त्याने. कारण बायकांच्या तोंडून मी हे इतक्या वेळा ऐकलंय. ऐंशी किलोची बेंच प्रेस (आडवं पडून बार छातीवरून वर ढकलणं) मारणारा पोरगा आरशासमोर दहा फोटो काढतो, आणि बाई आयुष्यातला पहिला पुशअप गुडघे न टेकता मारते आणि वर म्हणते, तसं काही विशेष नाही. कुठून येतं हे? ऑलिम्पिकमध्ये वेटलिफ्टिंग १८९६ पासून आहे, अगदी पहिल्या अथेन्सपासून. बायकांना तिथे उभं राहायला मिळालं ते थेट २००० साली, सिडनीत. आणि त्याच पहिल्या वर्षी कर्णम मल्लेश्वरी ६९ किलो गटात २४० किलोची टोटल, म्हणजे स्नॅच (एका झटक्यात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) यांची बेरीज, करून ब्राँझ घेऊन आली, ऑलिम्पिक पदक मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. शंभर वर्षं दार बंद ठेवलं आणि उघडल्या उघडल्या ही बाई आत जाऊन पदक घेऊन आली. त्यामुळे कुणी आता "बायकांनी जड उचलू नये", "मग अंग पुरुषी होतं" वगैरे सुरू केलं तर माझ्यासमोर नको. टेस्टोस्टेरॉन, स्नायू वाढवणारं ते हार्मोन, किती कमी असतं आपल्यात, आणि एवढं सोपं असतं तर जिममधली सगळी पोरं महिन्याभरात डोंगर झाली असती. पहिले काही आठवडे तर ताकद जी वाढते ती बरीचशी मज्जासंस्थेची असते, आहे तेच स्नायू नीट कामाला लागतात. दंडाचा घेर तोच आणि बार मात्र वर.

आणि फसणं. फसण्याबद्दल कुणी बोलत नाही. मीराबाई चानू २०१६ ला रिओत क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न फसून परत आली, टोटलच लागली नाही. सगळ्यांनी बघितलं ते. पाच वर्षांनी टोकियोत ४९ किलो गटात ८७ स्नॅच, ११५ जर्क आणि रौप्य. ११५ म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीच्या वर, डोक्यावर, हात सरळ. ती रिओनंतर "उगाच गेले" म्हणून घरी बसली असती तर? मला माहितीये, ती मीराबाई आहे आणि आपण नोकरी करून संध्याकाळी तासभर जिमला जाणारी माणसं. तरी जमिनीला चिकटलेला बार सगळ्यांना सारखाच चिकटतो.

सव्वाच्या प्लेट्सबद्दलही बोलायचंय मला, कारण त्यांना कुणी विचारत नाही. ओव्हरहेड प्रेसला, म्हणजे बार खांद्यावरून डोक्यावर ढकलताना, दोन्हीकडे सव्वाची लावून तीसवरून साडेबत्तीसला जाणं म्हणजे एकदम आठ टक्क्यांची उडी, तीच अडीच किलोची वाढ शंभरच्या डेडलिफ्टला अडीच टक्के. म्हणून प्रेस महिनोन्महिने हलत नाही आणि बायका सोडून देतात, त्यांना वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. अर्ध्या किलोच्या प्लेट्स मिळतात, त्या वापरा, एक किलोने वाढवा, आणि एक किलो वाढला की तोही सांगा. हा, प्रत्येक सेटचा व्हिडिओ टाकणारे मलाही कधीकधी वैतागवाणे होतात. चालेल मला. एका डिलीट केलेल्या व्हिडिओपेक्षा दहा जास्तीचे चालतील.

लिहिता लिहिता राग जरा खाली आलाय.

मावशींचं पुढचं सांगायचं राहिलं. त्या दिवसानंतर काही दिवसांनी त्या आपणहून आल्या, म्हणाल्या, "ते नुसतं दांडकं उचलून बघू का?" मी प्लेट्स काढल्या, बार दोन ब्लॉक्सवर ठेवला. मी काही शिकवायच्या आत त्या वाकल्या, पाठ पट्टीसारखी सरळ, कमरेतून वाकलेल्या, आणि उचलला. आम्ही महिनोन्महिने "हिंज हिंज" (पाठ सरळ ठेवून कमरेतून वाक) ऐकत शिकलो ते यांना येतच होतं, आयुष्यभर खाली वाकून कामं केलीत त्यांनी. मग दहाच्या लावल्या. चाळीस किलो. तेही उचललं. खाली ठेवून हात झटकले आणि म्हणाल्या, "लिवून ठिवा कुठंतरी माझं." मी फळ्यावर लिहिलं. त्यांचं नाव आणि पुढे ४०. तो आकडा बरेच दिवस फळ्यावर होता, त्याच्या वर एकाचं १८०, खाली कुणाचं ७०, आणि कुणाच्या बापाची हिंमत नव्हती त्याला वॉर्मअप म्हणायची.

त्यांचं वय साठीच्या जवळ असेल. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात, काही केलं नाही तर पुढे वेग वाढतो, पण उलट फिरवायला उशीर असा होतच नाही. १९९० सालच्या एका अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या, नाजूक तब्येतीच्या माणसांकडून आठ आठवडे पायांचा जड वजनाचा व्यायाम करून घेतला होता आणि त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली. नव्वदीत! ज्यांना खुर्चीतून उठता येत नाही त्यांच्यासाठी न धरता उठणं हाच पीआर, म्हणजे स्वतःचा विक्रम, आहे, आणि तो माझ्या शंभरच्या बरोबरीचा आहे, मी हे अगदी मनापासून म्हणतेय.

तर मैत्रिणीला मी सांगितलंय की व्हिडिओ फोनमध्ये असेल तर परत टाक. टाकला तर टाकला, नाही टाकला तर तिची मर्जी, तिच्यावर जबरदस्ती करणार नाही मी.

मी सध्या चिनअपच्या मागे आहे, म्हणजे बारला लटकून हनुवटी बारच्या वर न्यायची. बँड, म्हणजे आधार देणारा रबरी पट्टा, लावून होतात. बँडशिवाय वर उडी मारून हळूहळू खाली यायचं, निगेटिव्ह, तेवढं जमतं, आता बऱ्यापैकी सावकाश उतरता येतं. खालून वर मात्र अजून डोळे बारपर्यंत, हनुवटी नाही. ज्या दिवशी जाईल त्या दिवशी व्हिडिओ येणार आहे, तयारीत राहा.

तोपर्यंत तुमचं लिहा खाली. किलोत, रेप्समध्ये, सेकंदांत, कशातही. पहिला पुशअप, पहिला रिकामा बार, गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा पहिला जिना. आकड्याच्या आधी "फक्त" लावायचं नाही. रात्री जेवण झाल्यावर सगळे वाचणार आहे मी आणि प्रत्येकाला उत्तर देणार आहे.