जर्मनीत फुकट आहे म्हणे

2024 च्या जुलैत दाजींचा कराडहून फोन आला, आवाजात पेढे वाटल्याचा आनंद. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क सरकारनं पूर्ण माफ केलं होतं आणि भाची त्याच वर्षी इंजिनिअरिंगला जात होती. "आता आपल्याकडंबी जर्मनीसारखं झालं बघा," दाजी म्हणाले.

ऑगस्टमध्ये ताईचा फोन. कॉलेजच्या खिडकीवर सांगितलं होतं, सरकारचे पैसे आले की परत करू, तोवर निम्मी फी भरा. ताईनं पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या. वसतिगृह, मेस, ड्रॉइंगचं सामान हे माफीत नसतंच, ते वेगळं.

मी 2011 च्या ऑक्टोबरात जर्मनीत श्टुटगार्टला शिकायला आलो तेव्हा इथं फी होती. तिकडच्या बहुतेकांना हे माहीतच नसतं. 2005 मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयानं फी घ्यायची की नाही हे राज्यांवर सोपवलं. मग सात राज्यांनी सेमिस्टरला 500 युरोच्या आसपास फी लावली. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, सरकारं बदलली, बव्हेरियात लोकांनी सह्यांची मोहीम चालवली, आणि 2014 पर्यंत सातही राज्यांनी ती मागे घेतली. माझ्या राज्यानं, बाडेन-व्युर्टेम्बर्गनं, 2012 च्या उन्हाळ्यात रद्द केली. मी नेमकी एकदाच भरली. पण याच राज्यानं 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1500 युरो लावले. म्हणजे फुकट कुणाला, हे आधी विचारावं.

एक आकडा मला फार दिवस टोचतोय. इथं गरीब घरातल्या विद्यार्थ्याला सरकार 'बाफ्योग' देतं, 1971 पासून. निम्मी रक्कम मदत, निम्मी बिनव्याजी कर्ज, आणि परतफेड कितीही झाली तरी 10,010 युरोंच्या वर जात नाही. 2024 च्या हिवाळी सत्रापासून त्याची कमाल रक्कम महिना 992 युरो झाली. आपल्याकडून येणाऱ्या पोराला व्हिसासाठी बँकेत अडकवून दाखवावे लागणारे पैसे त्याच वेळी झाले 11,904 युरो. बारानं भागून बघा. तेच 992. जर्मन पोराला जेवढे सरकार देतं, तेवढेच आपल्या पोराच्या बापानं आणून दाखवायचे. बारा लाख रुपयांच्या आसपास. इथल्या परदेशी विद्यार्थ्यांत 2022-23 पासून भारतीय सगळ्यांत जास्त आहेत. त्यातल्या कितींच्या मागं गावाकडचं शेत तारण आहे, हे कुठल्या कचेरीत मोजत नाहीत.

हे सांगतोय ते जर्मनीची बदनामी करायला नव्हे. बाफ्योगही बहुतेक जर्मन विद्यार्थ्यांना मिळत नाही, त्यावर इथंही कुरकुर चालूच असते. मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक पोरगा राहतो. बाप बसचालक. त्यानं बारावीनंतर आधी कंपनी शोधली, मग कॉलेज. या राज्यात डीएचबीडब्ल्यू नावाचं विद्यापीठ आहे. 1974 मध्ये श्टुटगार्ट आणि मानहाइमला ते अकादमी म्हणून सुरू झालं, 2009 मध्ये विद्यापीठ झालं. तिथं प्रवेश हवा तर आधी एखाद्या भागीदार कंपनीशी तीन वर्षांचा करार लागतो. तीन महिने वर्ग, तीन महिने कंपनी, आलटून-पालटून. पगार मात्र सगळे छत्तीस महिने, वर्गात बसलेल्या महिन्यांचासुद्धा, आणि तो कंपनी देते. पोरगा वर्गात काय शिकतोय याची चौकशी कंपनीला करावीच लागते, कारण तिचे पैसे गुंतलेले असतात.

आता आपल्याकडं बघा. नव्या शैक्षणिक धोरणात ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, आलं, इंटर्नशिपला श्रेयांक आले. कॉलेजं आणि कंपन्यांचे सामंजस्य करार रोज होतात. शाल, श्रीफळ, पेपरात फोटो. त्या करारात कंपनीनं किती रुपये द्यायचे, हे शोधून दाखवा. केंद्रानं 2024 मध्ये पहिल्या पाचशे कंपन्यांत इंटर्नशिपची योजना काढली, तेव्हा महिना 5,000 रुपयांतले 4,500 सरकारचे आणि 500 कंपनीचे, तेही सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना 10,000, तेही सरकारी तिजोरीतून. म्हणजे माणूस कंपनीला आयता, खर्च आपल्याच करांतून, आणि वर "मुलांना काही येत नाही" हे भाषणही कंपनीचंच ऐकायचं. पाचशे रुपये जिनं घातले, तिला त्या पोराला काही शिकवायची घाई का असेल?

आमच्याकडं भांडण चालतं ते फी माफ की हाफ यावर. ते भांडण हवंच, पाटल्या गहाण पडतात तोवर हवं. पण निम्मा प्रश्न तिथं नाहीच. नोकरी देणाऱ्यानं शिक्षणात स्वतःचा पैसा घालायचा की नाही, हे कुणी विचारत नाही. आणि ही कल्पना परदेशी म्हणून झटकायचं कारणही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 1947 ला 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर कॉलेज काढलं. दाजींचे वडील तिथंच शिकले, सकाळी शेतात राबून. त्यांच्या कामाला मोल होतं. आताच्या ओजेटीच्या कामाला श्रेयांक असतात, मोल नसतं.

इकडची खोट सांगितली नाही तर मी खोटा पडेन. ज्याला कंपनीनं निवडलं नाही, त्याला डीएचबीडब्ल्यूचं दार बंद. विद्यापीठात कोण जाणार हे कंपनीचा मनुष्यबळ विभाग ठरवतो, आणि तिथं आडनाव वाचून अर्ज बाजूला पडतात अशी तक्रार तुर्की शेजाऱ्यांकडून मी अनेकदा ऐकली आहे. शिवाय सगळी अंडी मोटारींच्या टोपलीत. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या झेडएफनं 2024 मध्ये जर्मनीत 14,000 पर्यंत नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं, बॉशचंही तेच. कंपन्यांना ताप आला की विद्यापीठालाही कणकण येते. म्हणून सगळीच विद्यापीठं अशी करा, असं मी म्हणणार नाही. इतिहास आणि गणित शिकवायला कुठली कंपनी पगार देणार?

गेल्या महिन्यात भाचीचा मेसेज आला. "मामा, तुमच्या कंपनीचा चाकणला प्लांट आहे ना? इंटर्नशिपचं एक पत्र मिळेल का? यायला नाही लागत, नुसतं लेटरहेडवर पाहिजे."

मी विचारलं, पगार किती देतील असं तुला वाटतं?

तिनं हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा पाठवला, आणि खाली लिहिलं, "मामा, वर्गातल्या निम्म्यांनी तर पत्रासाठी उलटे पैसे दिलेत."