बॉयलरच्या कारखान्यातून आलेला आवाज

आज संध्याकाळी न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाच्या गायनवर्गातून एका सतरा वर्षांच्या मुलाला परत पाठवले गेले. वर्ग घेणाऱ्यांनी त्याचे वय विचारले, 'आता फार उशीर झाला, हौस म्हणून घरी गात जा' असे सांगितले आणि दार लावून घेतले. त्याला एक सूरसुद्धा लावायला सांगितले नाही. माझे मत मी तिथेच स्पष्ट सांगितले, तरी राग शमलेला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

हाओ ज्यांग त्यान या चिनी ऑपेरा गायकाचे नाव (ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटक) आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानावर असेल. १९५४ साली बीजिंगमध्ये जन्मलेले हे गृहस्थ सांस्कृतिक क्रांतीच्या काळात शिक्षणाला मुकले आणि कोवळ्या वयातच बॉयलरच्या कारखान्यात पत्रे कापू लागले. एकदा मित्राला इमारतीखालून हाक मारताना त्यांचा आवाज वर कोणाच्या तरी कानी पडला आणि 'तू गायला हवेस' असे त्यांना सांगण्यात आले. नुसत्या हाकेवरून गळा ओळखणारा कान त्या इमारतीत होता, हे त्यांचे भाग्य.

माझ्या दादाच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. चिंचवडच्या एका कारखान्यात तो लेथवर होता. विशीतला होता, खर्जात असा बोलायचा की शेजारच्या खोलीतले भांडे झंकारावे. एके दिवशी पहिली पाळी संपवून तो तसाच एका नामांकित गुरुजींकडे गेला. गुरुजींनी त्याच्या नखांत बसलेले काळे तेल पाहिले, वय विचारले, 'या हातांनी तानपुरा छेडणार का?' एवढेच म्हणाले आणि चहा देऊन त्याला वाटेला लावले.

त्यान यांचे हातही पत्रे कापणारेच होते! १९७६ साली ते बीजिंगच्या संगीत महाविद्यालयात दाखल झाले आणि १९८३ साली खिशात ३५ डॉलर घेऊन अमेरिकेत उतरले. न्यूयॉर्कमधल्या पहिल्याच संध्याकाळी त्यांतले ८ डॉलर मोजून त्यांनी मेट्रोपॉलिटन ऑपेरा, म्हणजे 'मेट' या तिथल्या नामवंत ऑपेरागृहाचे उभ्याने पाहण्याचे तिकीट काढले आणि विख्यात इटालियन गायक पाव्हारोत्ती यांना ऐकले. पुढे डेन्व्हरला शिक्षण झाले. १९९१ साली, सदतिशीच्या आसपास, ते स्वतः मेटच्या रंगमंचावर उभे राहिले आणि १९९३ साली पाव्हारोत्तींसोबत गायले. खर्जाचा पुरुषी आवाज तिशीनंतरच खरा पिकतो, हे तिकडच्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. दादाला नाकारले गेले तेव्हा त्याचा आवाज पिकायला अजून दहा वर्षे होती.

त्यान यांचे आईवडील लष्करी संगीतपथकांत होते आणि लहानपणी त्यांना सक्तीने का होईना पियानो शिकावा लागला होता, हे मान्य. ख्यालातल्या तानांची तयारी लवकर सुरू झालेली बरी, हेही मान्य. पण म्हणून आवाज ऐकायचाच नाही?

चिनी संगीतकार तान दुन यांचा 'द फर्स्ट एम्परर' हा चीनच्या पहिल्या सम्राटावरचा ऑपेरा मेटमध्ये २००६ च्या डिसेंबरात आला, तेव्हा मी तो पाहिला होता. प्रसिद्ध स्पॅनिश गायक डोमिंगो सम्राटाच्या भूमिकेत होते आणि त्यान सेनापती वांगच्या. सुमारे ३८०० आसनांच्या त्या प्रेक्षागृहात गायक मायक्रोफोनशिवाय गातात. तो खर्ज माझ्या शेवटच्या रांगेपर्यंत सरळ चालत आला आणि मला दादाच आठवला.

मला सगळ्यांत भावते ती त्यांच्या आयुष्याची पुढची बाजू. इतकी वर्षे मेटमध्ये गाऊन झाल्यावर त्यांनी शिकवण्याचा वसा घेतला. २०११ साली पत्नी मार्था लिआओ यांच्या साथीने त्यांनी 'आय सिंग बीजिंग' सुरू केले. मार्था मूळच्या जनुकशास्त्रज्ञ. पाश्चात्त्य देशांतल्या तरुण गायकांना चीनमध्ये बोलावून मँडरिन या चिनी भाषेतून गायला शिकवायचे, असा तो उपक्रम. पुढे तो चीनमधल्याच सुचौ शहरात गेला. परक्या भाषांतले ऑपेरे मोठेपणी जीव तोडून आत्मसात करणारा माणूस आता इतरांना आपल्या भाषेत गायला बसवतो. मोठ्या वयात नवे उच्चार जिभेवर बसवताना काय कष्ट पडतात, हे अशा शिक्षकाला कोणी सांगावे लागत नाही. हे लिहिताना राग थोडा निवळला आहे, खरे सांगते.

तरीही एक गोष्ट सोडणार नाही. आमच्या मंडळाच्या नोंदणीअर्जात वयोमर्यादेची जी अट आहे, ती पुढच्या सत्राआधी काढून टाकावी आणि येणाऱ्या प्रत्येकाचा आवाज निदान दहा मिनिटे ऐकावा, असा प्रस्ताव मी पुढच्या सभेत मांडणार आहे. न्यू जर्सीतल्या ज्या सभासदांचा त्याला पाठिंबा असेल, त्यांनी खाली आपले नाव लिहावे.